माझ्या ट्रेमधल्या तिच्या कुप्या

आधी मावशीचं सांगते. तिचं मागाहून सांगितलं तर ही सगळी गोष्ट मशीनचीच होऊन बसेल, आणि ती तशी नव्हती.

मावशी माझी सख्खी नाही. आईच्या माहेरच्या वाडीतली, आमच्या गावापासून दोन खाड्या पलीकडची. त्याच गावात लग्न होऊन मग मुंबईत आली, नवरा गिरणीत होता, तो तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. गावी परत जाऊन दिराच्या घरात पाणी भरण्यापेक्षा ती घाटकोपरला एका औषधाच्या कारखान्यात लागली आणि डोंगराच्या पायथ्याशी एका चाळीत खोली घेऊन राहिली. आईने कोणाबरोबर तरी निरोप धाडला, की मुलीला काम बघ. मावशीने मला कधी पाहिलेलंही नव्हतं. तरी उलट निरोप आला तो एवढाच, की पाठवून दे, येताना कुळीथ आण.

तिने मला अर्धी चटई दिली. काम मिळवून दिलं. काम शिकवलं. आणि पुढे आम्हा दोघींपैकी एकीलाच जागा उरली तेव्हा ती बाजूला झाली. हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे म्हणून लिहून टाकलं. ते कसं झालं ते सांगायला मला बरंच मागे जायला हवं, आणि खरं सांगायचं तर दमायला होतं.

माझे वडील मचव्यावर तांडेल होते. कौलं, नारळ, सुकी मासळी भरून शिडावर मुंबईपर्यंत यायचे. त्यांच्या हाताखाली चार खलाशी होते आणि बंदरावर त्यांना मान होता. मग घाटातून लॉऱ्या येऊ लागल्या. व्यापारी सुरुवातीला म्हणाले, लॉरीत कौलं फुटतात. मग म्हणाले, फुटू देत, पण वेळेवर पोचतात. वाऱ्याची वाट बघायला कोणाला सवड उरली नाही. मचवा खाडीत चिखलावर कलता पडला. वडील तरी रोज सकाळी जायचे, आत साचलेलं पाणी उपसायचे, दोर सुकवायचे आणि दुपारी जेवायला यायचे. आई विचारायची नाही, पाणी कशाला काढता म्हणून. मी पाचवीत होते. माझी शाळा कोणी बंद केली असं नाही. एक दिवस गेले नाही, दुसऱ्या दिवशी गेले नाही, आणि मग मास्तरांनीही विचारलं नाही. काही वर्षं काजूच्या बिया सोलल्या, आणि सतरावं लागल्यावर मुंबईला निघाले. कुळीथ घेऊन.

कारखाना आग्रा रोडला लागून होता. पलीकडे मिठागरं, आणि वारा फिरला की देवनारच्या कचऱ्याचा वास टेबलापर्यंत यायचा. आमच्या खात्याला सीलिंग म्हणत. इंजेक्शनचं औषध भरलेल्या काचेच्या कुप्या आमच्याकडे तोंड उघडी यायच्या. ते तोंड बंद करायचं, एवढंच काम. समोर गॅसची बत्ती, टेबलाखाली पायाने दाबायचा भाता. भाता दाबला की ज्योत निळी आणि टोकदार होते. डाव्या हातात कुपी धरून तिची मान ज्योतीत गोल फिरवायची. काच लाल झाली, मऊ झाली, की उजव्या हातातल्या चिमट्याने वरचं टोक धरून ओढायचं. टोक तुटून येतं आणि मान मिटते. लवकर ओढलं तर भोक राहतं. उशीर झाला तर काच फुगते आणि फुटते. हे सांगायला जितका वेळ लागला त्याच्या पावभागात ते व्हायला हवं, आणि पाय थांबता कामा नये.

लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना आम्ही बायका बसायचो. बहुतेक कोकणातल्या, काही घाटावरच्या, दोघी गुजराती. एकमेकींची तोंडं समोर, त्यामुळे दिवसभर बोलणं. कोणाची सासू, कोणाचा मुलगा नापास, कोणाच्या नळाला पाणी नाही. हात आणि पाय आपलं करत असायचे. मावशी माझ्या डाव्या हाताला बसायची. पहिल्या दिवशी तिने मला काहीच शिकवलं नाही. नुसतं म्हणाली, माझ्या पायाकडे बघ. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आता हाताकडे. तिसऱ्या दिवशी माझं बोट भाजलं, तेव्हा तिने पाण्याचा गडू पुढे केला.

"सगळ्यांचो जळता पयलो," ती म्हणाली. "हात बसाक येळ लागता गो."

संध्याकाळी परीक्षा व्हायची. आमचे ट्रे एका बंद भांड्यात निळ्या पाण्यात बुडवायचे आणि आतली हवा ओढून घ्यायचे. ज्या कुपीचं तोंड नीट मिटलेलं नाही तिच्यात निळं पाणी शिरायचं. मग फोरमन निळ्या कुप्या वेगळ्या काढून टेबलावर ठेवायचा आणि जिचा ट्रे तिला चार शब्द ऐकवायचा. बायका निळ्या कुपीला किसनदेव म्हणायच्या. "आज कुणाकडे गोकुळाष्टमी?" समोरची घाटावरची आक्का रोज विचारायची, आणि ज्या दिवशी तिच्याच ट्रेमध्ये निघायच्या त्या दिवशी आम्ही सगळ्या सुंठवडा मागायचो.

आता ती रीत सांगते, जिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

नवीन बाई आली की तिचा हात बसेपर्यंत तिच्या शेजारची जुनी बाई आपला ट्रे तिच्या नावावर लावायची आणि तिचा आपल्या नावावर घ्यायची. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणालाच माहीत नव्हतं. कारण साधं होतं. नवीन बाईच्या खूप निळ्या निघाल्या तर तिला आठवड्यात घरी पाठवतील. जुन्या बाईच्या निघाल्या तर फोरमन नुसता बडबडेल. बडबडीने अंगाला भोकं पडत नाहीत. फोरमनलाही हे ठाऊक असावं. तो मावशीवर ओरडताना अर्धं माझ्याकडे बघायचा. पुढे एखादीचं मूल आजारी असलं, कोणाचा हात भाजला, तरी हेच चालायचं. मावशी लागली तेव्हा कोणीतरी तिच्यासाठी केलं होतं. ती बाई केव्हाच सोडून गेली होती. मावशी कधी म्हणायची नाही की मी तुझ्यासाठी काही करते. संध्याकाळ झाली की दोन ट्रे उचलायची, आणि खाली ठेवताना ते बदललेले असायचे.

असं दीड-दोन वर्षं चाललं असेल. माझा हात बसला. मग मीही कधीमधी दुसऱ्या कोणाचा ट्रे आपल्या नावावर घेऊ लागले. मला त्याचा अभिमानसुद्धा वाटायचा. घरी मनिऑर्डर जात होती, धाकटा भाऊ शाळेत जात होता. खोलीत मावशी चूल बघायची, मी पाणी भरायची. चाळीतल्या बायकांची पत्रं लिहून द्यायचं काम मावशीनेच मला लावलं. "पाचवी शिकलंस मा, मगे बसून काय करतंस?" म्हणायची. आज हे लिहिते आहे ती सवय तिथली.

मशीन येणार ही बातमी कारखान्यात बरेच दिवस फिरत होती. मागच्या बाजूला नवी शेड उठली. फरशी घातली. एक दिवस लॉरीतून लाकडी खोकी उतरली, माणसापेक्षा उंच, परदेशी अक्षरं लिहिलेली. आम्ही डब्याच्या सुट्टीत बघून आलो. खोक्यात काय दिसणार, पण बघून आलो. आक्का म्हणाली, एवढं मोठं धूड आहे, ते कुप्या बंद करतंय की हत्तीची सोंड? सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मला खाडीत कलता पडलेला मचवा आठवला. मावशीला म्हटलं तर ती म्हणाली, मशीनला सुद्धा माणूस लागतोच, तुझ्या बापाचं काम घेणाऱ्या लॉरीला नाही का ड्रायव्हर लागत. मी म्हटलं, ड्रायव्हर एक लागतो, मचव्यावर पाच होते. त्यावर तिने पुढचा गोळा घेतला. भाकरी थापत राहिली.

त्याच सुमाराला फोरमनने ट्रेमध्ये पत्र्याचे बिल्ले ठेवायला सुरुवात केली. प्रत्येकीचा नंबर कोरलेला बिल्ला, तो आपल्या ट्रेमध्ये ठेवायचा. तोपर्यंत नुसतं तोंडाने चालायचं, हा हिचा, तो तिचा. बिल्ले कशाला, ते कोणी सांगितलं नाही. टेबलावर खूप चर्चा झाली. एकीच्या मते बोनस जवळ आला होता, तेव्हा कापाकापीसाठी हे नाटक. दुसरी म्हणाली, नवा साहेब आलाय, त्याला काहीतरी करून दाखवायचं असतं. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की शिव्या आता नंबराने मिळणार. आणि शिव्यांवर आमच्याकडे एकच उपाय होता. वाटून घ्यायच्या.

म्हणून त्या दिवसांत ट्रे कधी नव्हे इतके बदलले गेले. ज्यांचे हात पक्के होते त्यांनी कच्च्या बायकांचे ट्रे ओढून आपल्या बिल्ल्याखाली घेतले. त्यातच नवीन काच आली होती, जाड मानेची, मऊ व्हायला वेळ घेणारी. माझा उजवा अंगठा चांगलाच भाजला. फोड फुटला, चिमटा धरता येईना. मी मावशीला म्हटलं, दोन दिवस सुट्टी घेते. ती म्हणाली, सुट्टी घेऊ नको, सुट्टीचीच चर्चा जास्त होते. बस, जमेल तसं कर. मी जमेल तसं केलं. संध्याकाळी ती माझा बिल्ला उचलून तिच्या ट्रेमध्ये ठेवायची, तिचा माझ्यात. निळ्या कुप्यांचा ढीग तिच्यासमोर लागायचा. गंमत अशी, की फोरमन त्या दिवसांत ओरडलाच नाही. नुसता बघायचा आणि पुढे जायचा. आम्हाला वाटलं, बरं झालं.

तो ओरडत नव्हता तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं.

सोमवारी सकाळी केमिस्टसाहेब खात्यात आले. हे साहेब मुलुंडला राहायचे, शिकलेल्या घरातले, आवाज कधी चढवायचे नाहीत, आम्हाला अहो बाई म्हणायचे. त्यांनी भाते थांबवायला सांगितले. इतक्या बत्त्या एकदम मंद झाल्या की खोलीत अंधार झाल्यासारखं वाटलं. ते म्हणाले, मशीन या महिन्यात सुरू होईल. मशीनवर चार जणींची गरज आहे. काच वाया न घालवणाऱ्या चार जणी निवडल्या आहेत. आणखी काही जणी तपासणी खात्यात जातील. बाकीच्यांना कंपनी पूर्ण हिशेब देईल. मग त्यांनी बिल्ल्यांचे चार नंबर वाचले. दुसरा नंबर माझा होता.

चारही जणी आम्ही कच्च्या होतो. एक तर चार महिन्यांपूर्वी लागलेली. टेबलावरचे सगळ्यात चांगले हात, आक्काचे, मावशीचे, दोघी गुजराती बहिणींचे, सगळे हिशेब घेणाऱ्यांत. मग आक्का हळूच म्हणाली, "घ्या आता सुंठवडा." त्या वेळी मात्र कोणी हसलं नाही.

मला आनंद झाला नाही असं खोटं कशाला सांगू. पहिल्यांदा आनंदच झाला, मनिऑर्डर चालू राहील एवढंच डोक्यात आलं. मग मावशीकडे बघितलं. ती चिमटा पुसत होती, रोज संध्याकाळी पुसायची तसा, पण ती सकाळ होती.

डब्याच्या सुट्टीत मी साहेबांच्या खोलीकडे गेले. दाराशी उभी राहिले, आत बोलावलं तेव्हा एका दमात बोलून टाकलं, की साहेब, ते ट्रे माझे नव्हते, माझा अंगठा भाजला होता, ते मावशीचे होते. साहेबांनी अंगठा बघितला. फोड अजून ओला होता. ते काही बोलणार तोच माझ्यामागून आवाज आला.

"ट्रे तिचेच ते, साहेब. चेडू मशीनाक घाबारता, म्हणान कायपण सांगता."

मावशी कधी मागे येऊन उभी राहिली ते मला कळलं नव्हतं. साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले. त्यांना समजलं असावं. निदान मला तरी तसं वाटतं, कारण ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "बाई, एक म्हणते माझे नाहीत, दुसरी म्हणते तिचेच. मी कोणाचं खरं धरू? तुम्ही दोघी ठरवा, आणि उद्या मला एकच काय ते सांगा."

बाहेर हात धुवायच्या नळापाशी मी मावशीला म्हटलं, की तू खोटं का बोललीस. मला रडू येत होतं आणि ती नळाखाली डबा विसळत होती. ती म्हणाली, मी गेल्यावर माझ्या घरी उपाशी कोण राहणार, मांजर? तुझ्यामागे चार तोंडं आहेत. मी म्हटलं, पण तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. त्यावर तिने डबा पालथा केला आणि माझ्याकडे बघितलं.

"हात आता कोणाक व्हयो आसा? बघलंस मा, कोणाक घेतल्यानी ता?" ती म्हणाली. "आपल्यातली एकजण तरी रवांदे."

मी ठरवलं होतं, की सकाळी पुन्हा जाऊन सगळं नीट सांगायचं, आक्काला साक्षीला घ्यायचं. सकाळी उठले तर मावशी खोलीत नव्हती. चुलीवर माझी भाकरी झाकून ठेवलेली. मी कारखान्यात पोचेपर्यंत ती हापिसात जाऊन, अंगठा लावून, आपला हिशेब घेऊन बाहेर आली होती. फाटकाशीच भेटली. पदराच्या गाठीत चिमटा होता. तेवढा तिने मागून घेतला होता.

"साहेबान सांगला नाय, ठरवा म्हणान? मी ठरवलंय," ती म्हणाली, आणि भोंगा झाला म्हणून मला आत ढकललं.

मशीनबद्दल वाईट लिहायचं तर मला लिहिता येत नाही. मशीन चांगलं होतं. अजून आहे. गोल फिरतं, कुप्या आपोआप ज्योतीपाशी येतात, आपोआप मिटतात, टोक आपोआप तुटतं. आमचं आख्खं टेबल दिवसभर करायचं तेवढं ते डब्याच्या सुट्टीपर्यंत करतं. निळ्या कुप्या जवळजवळ निघत नाहीत. बोटं भाजत नाहीत. माझा अंगठा महिन्याभरात बरा झाला तो पुन्हा कधी भाजला नाही. आम्ही चौघींनी काच लावायची, ज्योत सारखी आहे ना बघायचं, काच फुटली तर खटका दाबायचा. कच्चे हात मशीनवर गेले, तरी कारखान्याचं काहीच बिघडलं नाही. मला त्याचंच जास्त वाटतं. निवड चुकली असती, मशीन बंद पडलं असतं, तर मावशीला परत बोलावलं असतं. पण चुकीची माणसं निवडूनही काम बरोबर झालं. म्हणजे माणसं निवडायचीच गरज नव्हती.

बोलणं मात्र गेलं. मशीनचा आवाज इतका, की शेजारणीला ओरडून सांगावं लागतं. थोड्या दिवसांनी आम्ही ओरडायचं सोडलं. आता हाताने खुणा करतो. पाणी, काच, मी जाऊन येते. सासूसाठी खूण नाही, नापास मुलासाठीही नाही. चौघींपैकी एकीला मुलगा झाला ते मला तिच्या शेजारणीकडून कळलं. आणि ट्रे बदलायची रीत गेली, कारण ट्रेच कोणाचे नाहीत. कोणाला सांभाळून घ्यायचं म्हटलं तरी काय घेऊन सांभाळणार?

खंडेनवमीला पूर्वी आम्ही बत्तीला आणि चिमट्याला हळदकुंकू लावायचो. आता मशीनला मोठा हार घालतात, नारळ फोडतात, आणि घरच्या माणसांना आत येऊन बघायला देतात. पहिल्या वर्षी मी मावशीला म्हटलं, चल. ती म्हणाली, "सवतीच्या पाया पडाक मी येवू?" तेव्हापासून मशीनचं नाव सवत पडलं. मी कामावरून आले की ती विचारायची, काय म्हणते सवत? मी म्हणायची, बरी आहे. मग ती म्हणायची, बरीच असणार, तिला काय झालंय.

ती थोडे दिवस एका वकिलाच्या घरी पोळ्या करायला जायची. मग पापड लाटले. चुलीच्या धुराने आणि आधीच्या ज्योतीने तिचे डोळे अधू झाले. चाळीतल्या बायका मला सांगायच्या, तू वाईट वाटून घेऊ नको, तिला आज ना उद्या काढलंच असतं, वय झालं होतं. खरं असेल. मी हे वाक्य बऱ्याचदा स्वतःला म्हणून बघितलं. त्याने झोप येते, पण दमणूक जात नाही. मग एका पावसाळ्याआधी ती गावी गेली, दिराच्या घरात, जिथे तिला कधीच जायचं नव्हतं. मी थांब म्हटलं. ती म्हणाली, दोघींच्या पोटाला तुझी एकटीची कमाई पुरवत बसशील तर घरी काय पाठवशील?

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले होते. वडिलांना खोकला होता म्हणून सरकारी दवाखान्यात नेलं. कंपाउंडरने कपाटातून इंजेक्शन काढलं. मी कुपीकडे बघितलं आणि पुढे वाकले. मशीनच्या कुपीचं टोक गोल असतं, सगळ्यांचं सारखं, मण्यासारखं. हातच्या कुपीला बारीकशी शेपटी राहते, ओढताना मनगट वळतं तिकडे वळलेली. ही कुपी हाताची होती. कुठल्या तरी जुन्या साठ्यातली असेल. शेपटी डावीकडे वळलेली, जशी मावशीची वळायची. कंपाउंडरने कुपीची मान मोडली आणि टोक बादलीत टाकलं. मी ते उचलून रुमालात बांधलं. वडील म्हणाले, काचा काय गोळा करतेस. त्यांना सुई टोचली तेव्हा ते दुसरीकडे बघत होते, खाडीच्या बाजूला.

मग दोन खाड्या ओलांडून मावशीकडे गेले. ती पडवीत बसली होती. आवाजावरून ओळखलं. कुळीथ आणलंस काय, म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मी ते टोक तिच्या तळहातावर ठेवलं. सांगितलं, कुठे मिळालं, आणि बघ, डावीकडे वळलंय, तुझं आहे. तिने ते डोळ्यांजवळ धरलं, मग सोडून दिलं, आणि बोटाने चाचपलं. बराच वेळ चाचपत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"ह्या माझा नाय," ती म्हणाली. "ह्या तुझा आसा. तू माझ्या बाजूक बसान शिकलंस, म्हणान तुझापण तसाच वळता."

आणि ते माझ्या हातात परत दिलं.

मला आजही ठाऊक नाही, की ते खरं होतं की तिने पुन्हा एकदा आपला ट्रे माझ्या नावावर लावला. विचारण्यात अर्थ नव्हता. साहेबांना तिने खरं सांगितलं नाही, तर मला काय सांगणार.

ते टोक माझ्याजवळ आहे, चिमट्याच्या शेजारी. चिमटा तिने निघताना मला देऊन टाकला होता, त्याचा आता कोणाला उपयोग नाही. मी घाटकोपरला परत आले, मशीनवर उभी राहिले, काच लावते, खटका दाबते. भाऊ पुढल्या वर्षी शाळेतून सुटेल, मग त्याला काहीतरी काम लागेल, मग माझ्या अंगावरचं ओझं थोडं उतरेल, असं मी मनात मांडत असते. कधी, ते सांगता येत नाही. मशीन दुसरं येणार म्हणतात, आणखी मोठं, त्याला चौघी लागणार नाहीत. पण त्याआधी किंवा त्यानंतर, मी राहिले किंवा नाही राहिले, तरी मावशी, तुला मी इथे आणणार आहे. आधी तुझे डोळे दाखवू. मग खंडेनवमीला माझी आई म्हणून तुला फाटकातून आत नेईन. सवतीच्या पाया नको पडूस, नुसती तिच्यासमोर खुर्चीवर बस. आणि त्यानंतर खोलीत तू बसून राहायचं, भाकरी मी भाजायची, आणि तुझ्या ताटात काय आहे ते तुझंच, ते माझ्या ताटात सरकवायचं नाही. एवढं मी करीन. मला वेळ लागेल, पण करीन.